बाबांचा पीएसए ५.८ आलाय, बायोप्सी लगेच करायची का थांबायचं?

सावली_उन्हाची

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते पण आज डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बाबांचं वय ६६. तब्येत ठणठणीत, बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही. रूटीन चेकअपच्या पॅकेजमध्ये पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) होती ती ५.८ आली. आकड्याच्या शेजारी ठळक ‘हाय’ आणि नॉर्मल रेंज ० ते ४. दोन वर्षांपूर्वी हीच टेस्ट ३.९ होती तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं, म्हणजे ३.९ ला सगळं छान आणि ५.८ ला कॅन्सर असं असतं का? फॅमिली डॉक्टरांनी युरॉलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांनी फाइल चाळली आणि पाच मिनिटांत "बायोप्सी करून टाकू, बारा तुकडे घेऊ, मनात शंका नको" म्हणून पुढच्या बुधवारची तारीख दिली. तपासलं वगैरे काही नाही. बाहेर आल्यावर आई रडायलाच लागली. बाबा म्हणतात मला काही होत नाहीये तर मी कशाला सुया टोचून घेऊ, भाऊ म्हणतो कॅन्सर असेल तर एकेक दिवस महत्त्वाचा, आणि मी मधे.

सोनोग्राफीत प्रोस्टेट ५४ ग्रॅम, ‘मध्यम वाढलेली’ असं लिहिलंय. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं त्यांना पण ते कित्येक वर्षं आहे. मोठ्या काकांना, म्हणजे बाबांच्या सख्ख्या भावाला, ७४ व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता, ते पुढे ८३ व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेले.

तर प्रश्न असा की नेमकं कधी म्हणायचं की आता बायोप्सी केलीच पाहिजे? आकडा किती? आणि बुधवारी नाही गेलो तर काही बिघडेल का?

---

गाठोडं

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. बुधवारी नाही गेलात तर काही बिघडणार नाही. ५.८ वाल्या माणसाचं सहा-आठ आठवड्यांत काही वाटोळं होत नाही, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मीही विश्वास ठेवला नव्हता.

दुसरं म्हणजे ही कॅन्सरची टेस्ट नाहीच. ही प्रोस्टेटची टेस्ट आहे. पीएसए हे प्रोटीन प्रोस्टेट रोज बनवतेच, वीर्य पातळ ठेवण्यासाठी, त्यातलं थोडंसं रक्तात झिरपतं. ग्रंथी मोठी झाली तर जास्त झिरपणार, सुजली तर आणखी जास्त, आणि कॅन्सर असला तरी जास्त. आकडा तिघांचाही एकच दिसतो. माझा ७.२ आला होता ५९ व्या वर्षी, घरात नुसता गोंधळ, मग दोन महिन्यांनी परत केली तर ३.४. मधल्या काळात काय केलं तर युरिन इन्फेक्शनचा कोर्स पूर्ण केला, बस.

म्हणून आधी हे सांगा की टेस्टच्या आधी बाबांना लघवीला जळजळ, ताप, असं काही होतं का? लघवी अडकून नळी घालावी लागली होती का? लांब सायकलिंग करतात का (याबद्दल मतभेद आहेत पण विचारतात)? आणि टेस्टच्या आधीच्या दोन दिवसांत वीर्यपतन झालं होतं का, त्यानेही आकडा थोडा वर जातो. हे तुम्हाला विचारायला अवघड वाटणार, भावाला विचारायला सांगा, त्यालाही अवघड वाटेल पण विचारेल. आमच्या मुलाने मला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, शेजारच्या खोलीतून.

---

काचपट्टी

बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत, डॉक्टर नाही पण ही तुकड्यांची डबी रोज हातात असते म्हणून लिहिते.

तो ४ चा आकडा आहे ना, तो काही निसर्गाने आखलेली रेघ नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये ही टेस्ट कॅन्सर शोधण्यासाठी मंजूर झाली तेव्हापासून ४ डोक्यात बसलाय. पुढे तिथेच एक मोठी ट्रायल झाली, फिनास्टराइड नावाच्या प्रोस्टेटवरच्या औषधाची, तिच्यात शेवटी आकडा नॉर्मल असलेल्यांचीही बायोप्सी केली. २००४ मध्ये निकाल छापून आले. ४ किंवा त्याहून कमी आणि गुदद्वारातून बोटाने तपासून काही न सापडलेले २९५० पुरुष, त्यातल्या १५.२ टक्क्यांना कॅन्सर निघाला. ०.५ च्याही खाली असलेल्यांत ६.६ टक्के, ३.१ ते ४ मध्ये जवळजवळ २७ टक्के. म्हणजे तुमच्या बाबांचा ३.९ वाला रिपोर्ट ‘क्लिअर’ नव्हता आणि हा ५.८ वाला म्हणजे शिक्का नाही. उतार आहे तो, पायरी नाही. ४ ते १० मध्ये जुन्या पद्धतीने सरसकट बायोप्सी केली तर चारातल्या साधारण तिघांच्या तुकड्यांत कॅन्सर नसतोच.

आता लॅबमधली गोष्ट. एकच माणूस, दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळी मशीन, आकडा वीस टक्क्यांनी सहज इकडे-तिकडे. तुमचा ३.९ आणि ५.८ एकाच लॅबचा आहे का ते बघा. शिवाय माणसाच्या अंगातही तो रोज थोडा हलतोच. २००३ चा एक अभ्यास आहे, वर्षावर्षाला घेतलेले रक्ताचे नमुने तपासले तर ४ च्या वर गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांचा आकडा पुढच्या कुठल्यातरी वर्षी आपोआप खाली आलेला. म्हणून पहिल्यांदा वाढलेला दिसला की काहीही करायच्या आधी तीच टेस्ट परत करायची, अमेरिकन युरॉलॉजीवाल्यांच्या गाइडलाइनमध्येही हेच आहे.

आणि एक भागाकार करा. पीएसए भागिले प्रोस्टेटचं माप. याला डेन्सिटी म्हणतात. ५.८ भागिले ५४ म्हणजे ०.१०७. साधारण ०.१५ च्या वर गेलं की कान टवकारतात, ०.१० च्या आसपास किंवा खाली असेल तर एवढी मोठी ग्रंथी एवढं पीएसए बनवणारच असं म्हणता येतं. हाच ५.८ जर २५ ग्रॅमच्या प्रोस्टेटमधून आला असता तर ०.२३ झाला असता आणि मी तुम्हाला वेगळं लिहिलं असतं. फक्त पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचं माप थोडं अंदाजपंचेच असतं हे धरून चाला. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची गुणिले ०.५२ असं करतात ते, आणि प्रत्येक बाजू मोजताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की गुणाकारात किती फरक पडतो तुम्हीच बघा.

---

निवांत_पेन्शनर

माझं स्पष्ट मत, ही टेस्टच करू नये. साठीनंतर निम्म्या लोकांच्या प्रोस्टेटमध्ये काहीतरी असतंच, ते घेऊनच माणूस दुसऱ्या कशाने तरी जातो. तुमच्या काकांचंच बघा ना. टेस्ट, मग बायोप्सी, मग ऑपरेशन, मग डायपर. माझ्या एका सहकाऱ्याचं असंच झालं, हसताखेळता माणूस, आता बाहेर जाताना आधी टॉयलेट कुठे आहे ते विचारतो. बाबांना सांगा विसरून जा.

---

रात्रपाळी

काका, निम्मे लोक वगैरे आकडे जरा जपून. तुमचा मुद्दा चूक नाही, २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह टास्क फोर्सने हेच म्हटलं होतं की कोणाचीच सरसकट करू नका. पण २०१८ मध्ये त्यांनी ते बदललं, ५५ ते ६९ मध्ये डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं आणि ७० नंतर करू नये. मधे युरोपातल्या ट्रायलचे लांब पल्ल्याचे निकाल येत राहिले ना. त्यांचा २३ वर्षांचा हिशोब २०२५ मध्ये आला, टेस्टसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्के कमी, म्हणजे बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. फायदा आहे, पण छोटा, आणि त्याची किंमत इतरांनी नको असलेल्या उपचारांत मोजलेली. तुमच्या सहकाऱ्याचं जे झालं ते टेस्टने नाही झालं, आकड्यावरून थेट ऑपरेशनपर्यंत न थांबता गेल्याने झालं असावं. मधे तीन-चार थांबे असतात. या ताईंच्या बाबांना तर पहिल्याच थांब्यावर उतरू दिलेलं नाही.

मी युरॉलॉजीत रेसिडेन्सी करतोय, ऑनलाइन कोणाला निदान देत नाही, फक्त आम्ही कसा विचार करतो ते ड्यूटी संपल्यावर सविस्तर लिहितो.

---

सावली_उन्हाची

किती पटकन आणि किती नीट उत्तरं दिलीत, खरंच आभार. गाठोडं काका, तुम्ही विचारल्यावर त्याच दिवसाचा युरिन रिपोर्ट काढून बघितला, त्यात पस सेल्स (पू, म्हणजे इन्फेक्शनची खूण) २० ते २५ लिहिलंय! आणि आई म्हणाली की त्या आठवड्यात ते सारखे बाथरूमला जात होते, ‘उन्हाळी लागलीय’ म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. हा कागद त्याच फाइलमध्ये होता, पीएसएच्या पानाच्या मागेच. युरॉलॉजिस्टनी फाइल चाळली म्हणजे नेमकं काय चाळलं देव जाणे.

आणि नाही, दोन्ही टेस्ट वेगळ्या लॅबच्या आहेत.

बुधवारची तारीख कॅन्सल केली. भाऊ चिडलाय.

---

टक्कलपूर

भाऊ चिडला तर चिडू द्या पण त्याचं पूर्णच चूक आहे असंही समजू नका, माझी उलटी गोष्ट ऐका.

माझं वय ५७. दर वर्षी पीएसए करायचो, २.६, २.७, २.९, मी खूश, कंपनीचा डॉक्टर खूश, कोणी ढुंकून बघितलं नाही. पण मी बारा वर्षं केस गळू नयेत म्हणून एक छोटी गोळी घेत होतो, फिनास्टराइड, एक मिलिग्रॅम. चेकअपच्या फॉर्मवर ‘कोणती औषधं चालू’ याखाली मी कधीच लिहिली नाही कारण मला ते औषध वाटतच नव्हतं, शॅम्पूच्या लाइनीतली वस्तू वाटायची. ही गोळी सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए साधारण अर्ध्यावर आणते. अर्ध्यावर! म्हणजे माझा २.९ हा खरा ५.८. तुमच्या बाबांचाच आकडा बघा, फक्त माझ्या कागदावर त्याच्या शेजारी ‘हाय’ नव्हतं.

सापडलं कसं तर नवीन डॉक्टरांनी बोटाने तपासलं, उजवीकडे कडक गाठ लागली, त्यांनी विचारलं काही गोळ्या? मी नाही म्हणालो. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "केसांसाठीसुद्धा नाही?" एमआरआय, बायोप्सी, ग्लीसन (तुकड्यातला कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचे मार्क) ४+३. ऑपरेशन झालं, आता दीड वर्ष झालं, ठीक आहे. गोळी बंद, केसही गेले.

तर विचारून घ्या की बाबा लघवीसाठी काही घेतात का. प्रोस्टेटच्या वाढीवरच्या काही कॅप्सूलमध्ये ड्युटास्टराइड असतं, टॅमसुलोसिन या लघवी मोकळी करणाऱ्या औषधाच्या जोडीला, ते पण तेच करतं. तसं असेल तर ५.८ चे ११.६ धरायचे आणि मग हा धागा वेगळा होईल.

---

सावली_उन्हाची

बापरे. लगेच डबा उघडून बघितला. फक्त बीपीचीच आहे, लघवीसाठी काही नाही, आणि बाबांना टक्कल पडून पंचवीस वर्षं झाली त्यामुळे तोही प्रश्न नाही.

---

रात्रपाळी

आलो. थोडं लांब होईल.

टक्कलपूर यांनी जे लिहिलं त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोट. पेशंटना नको असतं, खरं सांगू तर आम्हालाही कंटाळा येतो, पण कडक गाठ लागली की पीएसए काहीही असो, पुढचा विचार करावाच लागतो. ताईंच्या बाबांना पाच मिनिटांत तारीख दिली आणि बोटाने तपासलंच नाही हे मला खटकलं.

आता क्रम. इन्फेक्शन होतं तर ते आधी बरं करायचं, मग सहा ते आठ आठवडे थांबून त्याच लॅबमध्ये पीएसए परत. इथे एक चुकीची सवय खूप आहे, इन्फेक्शन नसतानाही ‘आकडा उतरतो का बघू’ म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स देतात. त्याने काही सिद्ध होत नाही, आकडा स्वतःहूनही उतरतो, उलट पुढे बायोप्सी लागलीच तर तेच अँटिबायोटिक जंतूंवर चालेनासं झालेलं असतं. बाबांना पस सेल्स होते, त्रास होता, म्हणून त्यांचं वेगळं, आणि तेही कल्चर करून, म्हणजे लघवीतला जंतू कोणता ते बघून.

परत केलेला आकडा वरच राहिला तर फ्री पीएसएचं, म्हणजे रक्तातल्या इतर प्रोटीनला न चिकटलेल्या पीएसएचं, प्रमाण काढता येतं. ४ ते १० च्या टप्प्यासाठीच ते उपयोगी. १९९८ च्या मोठ्या अभ्यासात फ्री २५ टक्क्यांच्या वर असलेल्यांत कॅन्सरची शक्यता ८ टक्के होती आणि १० टक्क्यांच्या खाली असलेल्यांत ५६. मधलं सगळं मधलंच.

मग एमआरआय, आणि तो बायोप्सीच्या आधी. नंतर केला तर सुयांमुळे आत रक्त साकळलेलं असतं आणि पुढचे काही आठवडे चित्र धड वाचता येत नाही. पूर्वी आम्ही बारा सुया ठरलेल्या जागी आंधळेपणाने मारायचो, लागली तर लागली. २०१७ मध्ये प्रॉमिस नावाच्या ब्रिटिश अभ्यासात ५७६ पुरुषांचं दोन्ही करून बघितलं, वर पडताळणीला दर ५ मिलिमीटरवर सुई. महत्त्वाचे कॅन्सर एमआरआयने ९३ टक्के पकडले, जुन्या आंधळ्या बायोप्सीने ४८ टक्के. पुढच्याच वर्षी प्रिसिजन ट्रायल, आधी एमआरआय करून दिसेल तिथेच सुई मारलेल्या गटात महत्त्वाचे कॅन्सर ३८ टक्क्यांना सापडले, जुन्या पद्धतीत २६, आणि बिनमहत्त्वाचे, म्हणजे न सापडते तर बरं झालं असतं असे, ९ विरुद्ध २२. शिवाय एमआरआय गटातल्या चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांना बायोप्सी लागलीच नाही. म्हणून मी म्हणतो की ५.८ वर थेट बारा सुया हे जुनं झालं.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स नावाचा स्कोअर असतो, १ ते ५. १-२ म्हणजे फारसं काही नाही, ४-५ म्हणजे बायोप्सी करा, आणि ३ म्हणजे रेडिओलॉजिस्टने खांदे उडवले. तीनवाल्यांमध्ये आम्ही डेन्सिटी बघतो, घरातली हिस्टरी बघतो, वय बघतो. डेन्सिटी ०.१५ च्या वर असेल तर बहुतेक वेळा सुई, ०.१० च्या खाली असेल तर थांबून बघणं चालतं.

आकडा किती हे विचारलंत म्हणून, बाबांचं वय बघता. वयाप्रमाणे मर्यादा वापरणारे ६० ते ६९ साठी ४.५ धरतात, ७० च्या पुढे ६.५. परत-परत १० च्या वर येत असेल तर मी एमआरआय स्वच्छ आला तरी सहजासहजी सोडत नाही. आणि ५० च्या वर, हाडं दुखतायत, वजन उतरलंय, असं असेल तर ही सगळी चर्चा बाजूला, तिथे वेळ घालवायचा नसतो. कुटुंबात बीआरसीए-२ (कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला बदल) सापडला असेल, किंवा वडील, भाऊ यातल्या दोघांना किंवा कमी वयात झाला असेल तर उंबरठा खाली आणतो. तुमच्या काकांना ७४ व्या वर्षी झाला, तो मोजायचा, पण तेवढ्यानेच बिथरायचं नाही. सख्ख्या भावाला असला की धोका साधारण दुप्पट धरतात.

वर्षाला ०.७५ ने वाढला तर बायोप्सी, असाही एक नियम पूर्वी फार चालायचा. तुमच्या ३.९ ते ५.८ ला तो लागू पडतो, पण वेगळ्या लॅब आणि इन्फेक्शन असताना तो वेग प्रोस्टेटचा का मशीनचा हेच कळत नाही.

---

सुईदोरा

वर सगळं आलंय, मी फक्त बायोप्सी काय असते ते लिहितो कारण बाबांना भीती कॅन्सरची कमी आणि सुयांची जास्त असणार, मला तशीच होती.

माझी गुदमार्गातून झाली, सहा वर्षांपूर्वी. डाव्या कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन झोपवलं. सोनोग्राफीचा प्रोब आत गेला तो सगळ्यात वाईट भाग, दुखत नाही पण माणूस संकोचाने मरतो. मग भूल द्यायची सुई, दोन चिमटे. त्यानंतर बंदुकीचा आवाज. बंदूक म्हणजे स्प्रिंगची, दाबली की खटकन् सुई जाते आणि तांदळाच्या शेवईसारखा बारीक तुकडा घेऊन येते. आवाज थेट स्टेपलरचा. डॉक्टर दर वेळी आधी सांगायचे, "आता आवाज येईल," आणि मी बारा वेळा दचकलो, बाराव्यालासुद्धा. पंधरा-वीस मिनिटांत काम खलास.

नंतर दोन-तीन दिवस लघवीत रक्त, शौचातही थोडं. वीर्यात महिनाभर गंजासारखा रंग, हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं आणि मी जाम घाबरलो, तुम्ही भावाला सांगून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं, मनाने बंद करायच्या नाहीत. आणि थंडी वाजून ताप आला तर रात्र काढायची नाही, तडक इमर्जन्सी. शंभरात एक ते चार जणांना इन्फेक्शनने ॲडमिट व्हावं लागतं असं मला सांगितलं होतं. आता वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून करतात, त्यात आतड्यातले जंतू आत जात नाहीत, इन्फेक्शन बरंच कमी. बाबांची कधी करायची वेळ आली तर ती कुठे होते ते विचारा.

माझा निकाल, बारातल्या एका तुकड्यात, ग्लीसन ३+३. म्हणजे सहा, ग्रेड ग्रुप एक, सगळ्यात सौम्य. मी घरी येऊन बायकोला म्हटलं दहापैकी सहा, तिला वाटलं अर्ध्याहून जास्त कॅन्सर झाला. मुळात ते मार्क सहापासूनच सुरू होतात. ऑपरेशन केलं नाही. सहा महिन्यांनी पीएसए, मधून एमआरआय, दोन वर्षांपूर्वी परत एकदा बायोप्सी, तेच ३+३.

---

काचपट्टी

ते ‘सहापासून सुरू’ वाचून हसले, आम्हाला हे फोनवर रोज समजावावं लागतं. थोडं भर घालते. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट ट्रायलमध्ये कॅन्सर निघालेल्या १६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसं तीन गटांत वाटलं, ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. १५ वर्षांनी, म्हणजे २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा तिन्ही गट मिळून प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले फक्त २.७ टक्के, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नाही. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं हेही खरं, ते लपवायला नको. ताईंच्या भावाला हे दाखवा, ‘एकेक दिवस’ वरचं त्याचं ओझं जरा उतरेल.

---

सावली_उन्हाची

नऊ आठवड्यांनी परत आले. धागा वर काढतेय त्याबद्दल माफी पण अपडेट न देता गायब होणारे लोक मला स्वतःला आवडत नाहीत.

कल्चरमध्ये ई-कोलाय निघाला, कोर्स झाला, युरिन स्वच्छ. सात आठवडे थांबून पीएसए केली, ५.८ वाल्याच लॅबमध्ये, ४.६. फ्री १९ टक्के, म्हणजे ‘मधलं सगळं मधलंच’. दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे गेलो, त्यांनी पहिल्यांदा बोटाने तपासलं, दोन्हीकडे गुळगुळीत, गाठ नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाले की एवढ्यासाठी तुम्ही मला दोन महिने तयार करत होतात होय, अर्धं मिनिट लागलं.

एमआरआय झाला. पाय-रॅड्स ३, नऊ मिलिमीटरचा एक अंधुक ठिपका, प्रोस्टेट ५१. म्हणजे खांदे उडवले. मी केबिनमध्येच मोबाइलवर भागाकार केला, ०.०९. डॉक्टर म्हणाले तुम्ही कुठे शिकलात हे, मी म्हटलं एका काचपट्टीकडे.

त्यांनी दोन्ही रस्ते समोर ठेवले. आत्ता त्या ठिपक्यातून आणि आजूबाजूने तुकडे घ्यायचे, त्वचेतून, किंवा सहा महिन्यांनी पीएसए आणि वर्षाने एमआरआय, आणि मधे डेन्सिटी ०.१५ कडे सरकली, ठिपका वाढला किंवा हाताला काही लागलं तर सुई. त्यांनी बाबांना एकच प्रश्न विचारला जो आम्ही कोणीच विचारला नव्हता, "समजा ३+३ निघाला, तर मी लक्ष ठेवू म्हणेन, तुम्हाला ते ऐकून झोप लागेल का?" बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला लागेल. हिला लागणार नाही," आईकडे बघून.

शेवटी थांबायचं ठरलं.

---

रात्रपाळी

मला पटतंय. काकांमुळे मी कदाचित बायोप्सीकडे अर्धा पाय टाकला असता, पण ०.०९ आणि गुळगुळीत प्रोस्टेट असताना थांबणं चूक म्हणणार नाही कोणी. एमआरआयची सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्ट नको, पुढच्या वर्षी शेजारी शेजारी लावून बघता आलं पाहिजे.

---

टक्कलपूर

पुढच्या वेळी लघवीसाठी नवीन कॅप्सूल सुरू केली तर हा धागा आठवा एवढंच.

---

सावली_उन्हाची

भावाने फोनमध्ये सहा महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावलाय, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात दुसरा, ‘युरिन रुटीन आधी’ असा. आईने सीडी कपाटात तिच्या साड्यांच्या खाली ठेवली आहे. बाबा रात्री अजून तीनदा उठतात, त्यासाठी डॉक्टरांनी टॅमसुलोसिन एकटीच दिली आहे, जोडीची नाही, मी गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं दोनदा वाचली.